मेट्रनबाईंची दुसरी नोकरी

मी हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, पोरीला आता कसली काळजी नाही, सख्खी आत्याच तिच्या डोक्यावर आहे. डोक्यावर होती हे मात्र अगदी खरं. माझ्या वॉर्डची ती प्रमुख सिस्टर होती आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला सगळ्या पेशंटांसमोर एका चादरीचा कोपरा चार वेळा दुमडायला लावला. चौथ्या वेळीही मान हलवली नाही, नुसती पुढे गेली. त्याच संध्याकाळी घरी आल्यावर माझ्यासाठी बादलीत गरम पाणी काढून म्हणाली, "पाय बुडव त्यात. पहिला महिना असाच जातो गं." फाटकाच्या आत ती मॅडम, फाटकाबाहेर आत्या. एकदा कॉरिडॉरमध्ये माझ्या तोंडून चुकून "आत्या" निघून गेलं, तर तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लग्न तिनं केलं नव्हतं. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. एक खाट, एक टेबल, भिंतीवर लाकडी क्रूस आणि खिळ्याला कडक इस्त्रीचा युनिफॉर्म. माझे वडील तिचे धाकटे भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "ताईच्या खोलीत धूळसुद्धा परवानगी घेऊन बसते." रोज पहाटे ती खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसायची. तिच्या भक्तीबद्दल मला कधी शंका आली नाही. पण खोटं कशाला सांगू, तिला स्वतःचा अभिमानही भरपूर होता. आपल्या हातून चूक होत नाही हे तिला माहीत होतं आणि ते इतरांनाही माहीत असावं याची ती काळजी घ्यायची.

आमच्या वॉर्डात एक आया होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, पेशंटही आणि डॉक्टरही. बुटकी, काळीसावळी, सतत काहीतरी पुटपुटणारी. बेडपॅन देणं, अंग पुसणं, खाटा करणं ही तिची कामं. पण खरं काम वेगळंच होतं. दुखणाऱ्या माणसाला ती असं काही बोलतं करायची की इंजेक्शन कधी दिलं ते त्याला कळायचं नाही. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर "मावशी, अहो मावशी" अशा हाका चालू असायच्या.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नऊ नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं आणि औषधांच्या गुंगीत ते कुठेही उठून चालायला लागायचे. म्हणून त्यांच्या खाटेचा कठडा कायम वर ठेवायचा अशी सक्त सूचना होती. एका सकाळी अकराच्या सुमाराला धप्पकन आवाज आला. पळत गेलो तर शिक्षक जमिनीवर पडलेले आणि कठडा खाली. त्यांचं ऑपरेशन पुन्हा करावं लागलं. ते घरी गेले, पण पुढे आधाराशिवाय कधी चालू शकले नाहीत.

आत्यानं त्याच दिवशी सगळ्यांना वॉर्डाच्या मधोमध उभं केलं.

"आज नऊ नंबर कुणी केला?"

"मी केला बाई," मावशी म्हणाली. "पण कठडा वर करून गेले होते."

"मग तो काय आपला आपण खाली आला?"

यावर कुणीतरी फिसकन हसलं. ती हसणारी मी होते. माझी आत्या चुकणं शक्य नव्हतं, मग मावशीच चुकली असणार, इतका सोपा हिशेब होता माझा. मावशीनं एकदा आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला आणि आठवड्याभरात तिची बदली तळघरात लिननमध्ये झाली. लिनन म्हणजे धुवून आलेल्या चादरी, टॉवेल, गाऊन यांच्या घड्या घालायची खोली. तिथे खिडकी नव्हती आणि हाक मारणारंही कुणी नव्हतं. पुढच्याच महिन्यात आत्या मेट्रन झाली, म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसची प्रमुख.

या गोष्टीला अकरा वर्षं उलटली. आत्याच्या निवृत्तीचा दिवस आला.

सकाळीच मोठ्या हॉलमध्ये समारंभ होता. मंचावर फुलं, समोर डॉक्टर, त्यांच्यामागे आम्ही नर्सेस, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून आया, सफाईवाले, लिननची माणसं. संचालकांचं भाषण रंगलं होतं. शेवटी ते म्हणाले, "इतक्या वर्षांत या बाईंच्या हातून एकही चूक झाली नाही. एकही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आत्याकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ती बोलायला उभी राहिली. हातात लिहून आणलेले कागद होते. तिनं त्यांची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिले.

"अकरा वर्षांपूर्वी नऊ नंबरच्या खाटेवरून एक पेशंट पडले होते," ती म्हणाली. "त्या खाटेचा कठडा मी खाली केला होता. ड्रेसिंग बघायचं होतं. तेवढ्यात फोनवर बोलावलं आणि मी कठडा तसाच ठेवून गेले. हे मला त्याच दिवशी दुपारी जेवताना आठवलं. घास हातात होता. पुढच्या महिन्यात मेट्रनची निवड व्हायची होती. मी घास गिळला आणि गप्प बसले."

ती पुढे बोलत राहिली.

"तेव्हापासून मी रोज पहाटे गुडघे टेकले आणि हे एवढं एक सोडून बाकी सगळं देवाला सांगितलं."

मग ती मंचावरून खाली उतरली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि मावशीसमोर उभी राहिली. जिला ती जन्मभर अगं-तुगं करत आली होती तिला म्हणाली, "मावशी, मी तुमचा अपराध केलाय. मला क्षमा करा."

मावशीनं मान वर केली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही कठडा खाली घेतलात ते मी दारातून बघितलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू बाई? ज्यांना सांगायचं त्या तुम्हीच होतात." आणि पदर सारखा करत म्हणाली, "खाली धुण्याची गाडी आली असेल. जाते मी." ती गेलीसुद्धा.

समारंभ तिथेच विस्कटला. चहा कुणी धड प्यायलं नाही.

घरी वडिलांना राहवलं नाही. "ताई, आजच कशाला? एवढा मानाचा दिवस! एकटीला गाठून सांगितलं असतंस तर?"

"ठपका मी सगळ्यांसमोर ठेवला होता," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "संचालकांचं ते वाक्य ऐकलं ना, एकही चूक नाही म्हणाले ते, तेव्हा माझ्या मनात आलं, मी वर गेल्यावर कुणी हेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं तर? ज्या प्रभूनं स्वतः खाली बसून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहू?"

त्याच आठवड्यात ती शिक्षकांच्या घरी गेली. शिक्षक मागेच वारले होते. त्यांच्या मुलीला तिनं सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आत्या घरी येऊन म्हणाली, "तिचं बरोबर आहे." संचालकांनी मावशीचा मेमो रद्द करून तिला वॉर्डात परत यायला सांगितलं, पण मावशी म्हणाली, "आता गुडघे धावत नाहीत. माझ्या चादरीच बऱ्या."

आता ही गोष्ट इथे संपली असती तरी मी आत्याला मानलं असतं. पण सोमवारी सकाळी ती साधी साडी नेसून तळघरात हजर झाली.

"मला काहीतरी काम द्या," ती मावशीला म्हणाली.

"तुम्हाला? आणि मी?"

"हो. सांगाल ते."

मावशीचा एक नेम होता, तो आम्हा वॉर्डवाल्यांनाही धड ठाऊक नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती वर यायची आणि ज्या पेशंटांना भेटायला कुणी येत नाही त्यांची नखं कापायची. हे काम हॉस्पिटलात कुणाचंच नसतं. नर्सला वेळ नाही, डॉक्टरच्या ते डोक्यातही येत नाही. घरचं माणूस नसलं की म्हाताऱ्यांच्या पायाची नखं वाढत जातात, जाड होतात, वाकून बोटात रुततात. मावशी आधी कोमट पाण्यात पाय भिजवायची, मग टॉवेलनं पुसून एकेक नख हळू कापायची.

"टब धरता येईल?" मावशीनं विचारलं.

"येईल."

अशी माझ्या आत्याची दुसरी नोकरी सुरू झाली. ज्या जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला की आम्ही केस सारखे करायचो, त्याच जिन्यानं ती पाण्याचा टब घेऊन चढायची, मावशीच्या दोन पायऱ्या मागे. एकदा एक नर्स धावत आली, "मेट्रन मॅडम, द्या इकडे!" आत्या म्हणाली, "मी मेट्रन नाही. आणि बाजूला हो, पाणी सांडेल." म्हणजे पद गेलं होतं, आवाज तोच होता.

सवय काही एका दिवसात जात नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिनं मावशीला सांगितलं, "नखाच्या कडा गोल कापू नका. सरळ कापा, म्हणजे रुतत नाहीत."

मावशीनं वरसुद्धा न बघता म्हटलं, "बाई, टब."

आत्यानं ओठ मिटून टब पुढे सरकवला. मी शेजारच्या खाटेवर सलाईन लावत होते, मला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून मावशी नखं सरळ कापायला लागली, हेही मी पाहिलं. सहा महिने आत्यानं नुसता टब धरला, पाणी बदललं, टॉवेल पिळले. मग एका दुपारी मावशीनं नेलकटर तिच्या हातात दिलं आणि स्वतः स्टुलावर बसली.

त्या सहा महिन्यांत मावशी तिच्याशी कामापलीकडे बोलली नव्हती. आत्यानंही पुन्हा क्षमेचा विषय काढला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मी मागितली. देणं त्यांच्याकडे. मागे लागून मिळवली तर ती वसुली झाली." पुढे जवळजवळ दोन वर्षांनी तळघरात दोघी जेवत असताना मावशीनं आपल्या डब्यातला अर्धा पाव तोडून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ते सोडलं मी, बाई. कधी सोडलं ते आठवत नाही. चादरींच्या घड्या घालता घालता कधीतरी सुटून गेलं." आत्या घरी येऊन हे सांगताना रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहत होते.

ते ऐकून मलाही धीर आला. दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेले आणि मावशीला सांगितलं, "त्या दिवशी वॉर्डात हसले होते, ती मी."

"तू होय?" मावशी म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं त्या एक्स-रेवाल्याशी बोलत नाही."

आत्याची खोली हळूहळू रिकामी होत गेली. मिळालेली मानपत्रं तिनं एका पेटीत घालून माळ्यावर टाकली. युनिफॉर्मला लावायचं छोटं घड्याळ एका नव्या नर्सला दिलं. वडील हळहळले, "अगं, ते मी दुरुस्त केलेलं. घड्याळ तरी ठेव." ती म्हणाली, "वेळ तू सांगत जा. मला आता कुठली गाडी गाठायची आहे? माझी गाडी मला न्यायला आपणहून येईल." हे ती उदासपणे म्हणायची नाही. गावाला जायची तारीख ठरलेल्या माणसासारखं म्हणायची.

एक म्हातारे ट्रकड्रायव्हर छातीच्या आजारानं महिनाभर आमच्या वॉर्डात होते. मुलंबाळं होती, पण येत कुणी नव्हतं. आत्या त्यांची नखं कापत असताना त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही देवाधर्मातल्या दिसता. मेल्यावर खरंच काही असतं का हो?"

"मी बघून आलेली नाही," आत्या म्हणाली. "पण ज्यानं बोलावलंय त्याच्यावर माझा भरवसा आहे."

"मला कोण घेणार तिथे? दारू प्यायलो, बायकोला छळलं, पोरांना तोडलं."

आत्या थांबली. तिनं त्यांचा पाय मांडीवर तसाच धरून ठेवला. "मी चांगली माणूस म्हणून मला घेतील असं तुम्हाला वाटतं ना? तसं नाहीये. मी एका निरपराध बाईला अकरा वर्षं तळघरात ठेवलं, ह्या बघा, इथेच बसल्या आहेत. मला घेणार आहेत ते मी हात पसरला म्हणून. हात तुम्हालाही आहेत."

म्हाताऱ्यानं मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "खरं आहे ते. आणि नुसता हात पसरून भागणार नाही हो, आधी पोरांना निरोप धाडा." निरोप आत्यानंच लिहून दिला. तीनपैकी एक मुलगी आली. दोन दिवस बापाजवळ बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आदल्या संध्याकाळी आत्याला म्हणाले होते, "पाय तर स्वच्छ झाले बाई. आता आत घ्यायला हरकत नसावी."

मग हॉस्पिटलनं नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी नवा हॉल बांधला आणि त्याला आत्याचं नाव द्यायचं ठरवलं. आत्या बेचैन झाली. टेबलाशी बसून तिनं नकाराचं पत्र लिहिलं. आपण या मानाला का लायक नाही याची कारणं, आपल्या चुका, आपला गर्व, सगळं सविस्तर. मग तळघरात येऊन ते मला मावशीला वाचून दाखवायला सांगितलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. मावशीनं घडी घालता घालता शेवटपर्यंत ऐकलं.

"किती पानं झाली?"

"चार."

"चार पानं? सगळी स्वतःवरच?" मावशीनं चादर झटकली. "बाई, नको म्हणण्यातही तुमचा तोराच आहे की. त्यांना नाव द्यायचं तर देऊ देत. आपल्याला पाटी वाचायला कुठे वेळ आहे?"

आत्या आधी लालबुंद झाली आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की तिला स्टूल धरून खाली बसावं लागलं. पत्र तिनं फाडलं. संचालकांना दोनच ओळी लिहिल्या, की आभारी आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पाटी लागली. त्या पाटीखालून ती रोज टब घेऊन जायची. मान वर करून ती पाटी तिनं कधी वाचली असेल असं मला वाटत नाही, आणि न वाचल्याचा आवही तिनं आणला नाही.

सहाव्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा रोग यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर तिच्या हाताखाली शिकलेला, सांगताना अडखळायला लागला. आत्याच म्हणाली, "सरळ सांग. किती?" "दोन-तीन महिने, मॅडम." "बरं. मग हा गुरुवार धरून दहा-बारा गुरुवार मिळतील. गुरुवारी बायकांच्या वॉर्डाची पाळी असते." तिला तेवढे मिळाले नाहीत. सहा मिळाले.

शेवटचे दिवस ती आमच्याच वॉर्डात होती. दुखणं सोपं नव्हतं. एकदा ती मला म्हणाली, "भीती वाटत नाही असं लोकांना सांगू नकोस. दुखायला लागलं की वाटते. पण भीतीच्या पलीकडे काहीतरी आहे गं, त्याचा आनंद मोठा आहे. आणि तिथे मला कुणी मेट्रन म्हणणार नाही. किती बरं वाटेल!"

ती एका सकाळी दहा वाजता गेली. वडील उशाशी बसून तिचा हात धरून होते, मावशी पायथ्याशी. वॉर्डाची औषधांची फेरी चालू होती आणि ती थांबली नाही.

प्रेतयात्रेच्या आधी देवळात उपासना होती. आत्यानं पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, बजावून ठेवलं होतं की माझ्या आयुष्याबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही, गीतं गा आणि प्रार्थना करा. पाळकांनी शब्द पाळला. तिसरं गीत संपलं आणि मधेच मावशी उठून उभी राहिली. पाळक काही म्हणणार, तोच ती म्हणाली, "मला कुणी काही बजावलेलं नाही."

लोक वळून बघायला लागले.

"बाई तापट होत्या," मावशी म्हणाली. "मरेपर्यंत होत्या. टब भरला तरी पाण्याचं माप सांगायच्या. पण माझ्या आयुष्यात माझ्यापेक्षा मोठ्या माणसानं माझी माफी मागितली ती एकदाच, आणि ती यांनी मागितली. नंतर सहा वर्षं रोज माझ्या मागून जिना चढल्या. एकदाही पुढे गेल्या नाहीत." मग तिनं शवपेटीकडे बघून म्हटलं, "आज मात्र पुढे गेलात. जा. गेलाच आहात तर माझी जागा धरून ठेवा, आणि तिथल्या लोकांना शिस्त लावत बसू नका."

देवळात हशा पिकला. माझे वडील रडत रडत हसत होते. पाळकांनी चष्मा काढून पुसला आणि शेवटचं गीत सुरू केलं. आम्ही सगळे उभे राहून मोठ्यानं गायलो. दफन आटोपून बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता. माझी दोनची ड्यूटी होती. मावशीचंही धुणं यायचं होतं, म्हणून आम्ही दोघी तिथूनच चालत निघालो.